सोमवारचे निरोप

घराबाहेर पडताना धैर्यशील इंगवले तीन गोष्टी तपासायचा: पाकीट, किल्ल्या आणि स्वतःचा चेहरा. पहिल्या दोन्ही खिशात सापडायच्या. चेहऱ्याची मात्र आरशासमोर उभं राहून समजूत घालावी लागे. कपाळ सैल, जबडा सैल, श्वास पोटातून. मग मनगटावरच्या पट्टीतला इवलासा दिवा हिरवा झाला की तो स्वतःवरच खूश होऊन जोडे घाली. दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहणारा माणूस स्वतः घाबरट असला तर कसं चालेल? भैरवी फौंड्रीचा तो सुरक्षाप्रमुख होता, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं नाव थोडं आदरानं आणि बरंचसं वैतागानं घेतलं जाई.

त्या शुक्रवारी जोडे घालतानाच आबांचा फोन आला.

"धैर्या, जरा बोलायचं होतं रे."

"आबा, आजपासून तपासणी आहे. रविवारपर्यंत. हे तीन दिवस मला काही म्हणजे काही नको. सोमवारी सकाळी गाडी घेऊन गावी येतो, तुम्हाला इकडं आणतो, तो फलक दाखवतो. तेव्हा सगळं बोलू."

"बरं," आबा म्हणाले. "सोमवारी."

धैर्यशीलनं फोन ठेवला आणि बायकोकडे वळला. "रेवती, तुलाही तेच. हे तीन दिवस कुणी मेलं तरी सोमवारशिवाय मला सांगू नकोस."

"काहीतरीच बोलता," रेवती म्हणाली आणि तिनं डबा पुढं केला.

माणसं असं बोलून जातात. बोलताना त्याची किंमत कुणी विचारत नाही.

फलक म्हणजे कारखान्याच्या फाटकावरचा. त्याच्यावर फक्त दोन शब्द होते, 'अपघाताविना दिवस', आणि त्यांच्याखाली आकडा. तो नुकताच चार अंकी झाला होता. जिथं लोखंड पाण्यासारखं ओततात, तिथं एवढे दिवस कुणाचं बोटही भाजलेलं नाही, हे ऐकून पुण्याहून तपासणीसांचं पथक येत होतं. त्यांनी शिक्का मारला की देशभरच्या ओतकामाच्या कारखान्यांत धैर्यशीलची पद्धत लागू होणार होती. मालकांनी त्याला तसं स्पष्ट सांगितलं होतं. हाही त्यांच्या खोलीतून चालत नव्हे, तरंगत बाहेर आला होता.

पट्टीमागचं शास्त्र तसं सोपं. डोळ्याला एखादी गोष्ट दिसते आणि हात हलतो, या दोहोंच्या मध्ये एक पोकळी असते. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढीच. मन ठिकाणावर असलं की ज्याची त्याची ही पोकळी रोज जवळपास सारखी राहते. मनात दुसरंच काही शिरलं, की ती रुंदावते. माणसाला ते जाणवत नाही. तो म्हणतो, मी ठीक आहे. चष्म्याच्या कडेला बसवलेला बारीक कॅमेरा नजर कुठं वळली ते टिपतो, मनगटावरची पट्टी स्नायूंतली वीज आणि नाडीची लय टिपते, आणि दोन्हींची सांगड घालून यंत्र त्या पोकळीचं माप काढतं. जुन्या अपघातांचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं, की जवळजवळ प्रत्येक वेळी ही पोकळी काही तास आधीच रुंदावलेली होती. म्हणजे अपघात यंत्रावर घडायच्या आधी माणसाच्या आत घडून गेलेला असतो. तो आतच पकडायचा.

पोकळी थोडी वाढली की दिवा पिवळा. फार वाढली की लाल. लाल माणसाला क्रेन जुमानत नसे, भट्टीच्या चौथऱ्याचं दार उघडत नसे. आणि वितळलेल्या लोखंडाचं लेडल, म्हणजे ते ओतायचं भलं मोठं भांडं, काही एकट्यानं ओतता येत नाही, म्हणून पाच जणांच्या ओळीतला एक लाल झाला की अख्खी ओळ विसावा कक्षात जाऊन बसायची, भिंतीवरच्या धबधब्याचं चित्र बघत.

ही पद्धत धैर्यशीलला पुस्तकातून सुचलेली नव्हती. ती त्याच्या घरातूनच आली होती. आबा, म्हणजे गणपतराव इंगवले, याच वसाहतीतल्या एका फौंड्रीत कामाला होते. ती फौंड्री आता बंद आहे. एके दुपारी कुणीतरी कामाच्या जागेवर धावत येऊन सांगितलं, "गणपा, तुझा भाऊ विहिरीत पडला." आबांनी मान हलवली, "पाळी संपली की जातो" म्हणाले, आणि वाळू कालवायच्या यंत्रात उजवा हात घातला. भावाला गावकऱ्यांनी दोरानं वर काढलं होतं. संध्याकाळी तोच ओल्या कपड्यांनी आबांना दवाखान्यात बघायला आला. धैर्यशील तेव्हा शाळेत होता. निरोपानं हात जातो, हे त्याच्या डोक्यात त्या दिवशी जे बसलं ते कायमचं.

पद्धत आली तसे सुरुवातीला माणसं खूप लाल व्हायची. पोरगी नापास झाली, भिंत खचली, बहीण नवऱ्याला सोडून माहेरी आली, की ओळ बसलीच. ओळीतले बाकीचे चौघे मग त्या पाचव्याकडे असं बघायचे, की त्यानं जाणूनबुजून दुःख करून घेतलंय. हे घरोघरच्या बायकांनी ओळखलं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही. पण फौंड्रीची साप्ताहिक सुट्टी सोमवारची, आणि बघता बघता वसाहतीत एक रीत पडली: वाईट बातमी सोमवारी सांगायची. मधल्या वारी काही झालं, तर ते पदराआड ठेवायचं, शेजारणीला सांगायचं, देवाला सांगायचं, नवऱ्याला नाही. सोमवारी सकाळी मात्र चाळींमधून कुकरच्या शिट्ट्यांबरोबर हुंदके ऐकू यायचे. मंगळवारी पुन्हा सगळे हिरवे.

भट्टीवरचा बजरंग खोत, जो कुणालाही टोमणा मारल्याशिवाय चहा पीत नसे, एकदा धैर्यशीलला म्हणाला होता, "सायेब, माझी सासू बेस्तरवारी गेली. पण माझ्यापुरती सोमवारी मेली. चार दिस जास्त जगली की वो तुमच्या पट्टीमुळं!"

सगळे हसले होते. धैर्यशीलही हसला, आणि त्यानं लगेच सादरीकरणात एक पान वाढवलं. पानाचं नाव, 'कुटुंबांचा सहभाग'.

शुक्रवारी दुपारी रेवतीचा संदेश आला. ताईकडे इचलकरंजीला जातेय, रविवारी येईन, जेवण फ्रीजमध्ये आहे. धैर्यशीलला उलट बरंच वाटलं. घर रिकामं, डोकं रिकामं.

शनिवारी कारखान्यात मात्र एक गंमत झाली. बजरंगनं त्याच्या नव्या जोड्यांवर काही बोलायचं टाळलं. हे म्हणजे भट्टीनं गरम व्हायचं टाळल्यासारखं होतं. कँटीनवाल्यानं न मागता चहा आणून ठेवला आणि कप रिकामा होईपर्यंत शेजारी उभा राहिला. प्रयोगशाळेतली पोरगी त्याला बघून खुर्चीवरून उठली आणि "बसा सर, बसा" म्हणत खुर्ची पुसायला लागली. वाटेत जो भेटेल तो बाजूला होऊन जागा देत होता.

धैर्यशीलनं या सगळ्याचा हिशेब आपल्या बाजूनं केला. एवढ्या वर्षांनी लोकांना आपलं काम उमगलं, असं त्याला वाटलं. आपल्या कौतुकाची थकबाकी लोकांकडून यायची आहे, असं माणसाला मनातून नेहमीच वाटत असतं. ती एकदम चुकती झाली की तो पावती बघत नाही. रात्री त्यानं फ्रीजमधलं जेवण चवीनं खाल्लं.

रविवारी समारोप झाला. तपासणीस होत्या डॉ. अमला देवस्थळी. केस पांढरे, प्रश्न टोकदार. भल्या मोठ्या पडद्यावर कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचा एकेक दिवा लुकलुकत होता. सगळे हिरवे.

"यंत्र माणसाचं मन हललेलं ओळखतं, ते समजलं," बाई म्हणाल्या. "पण मन हलूच नये म्हणून तुम्ही काय करता?"

धैर्यशीलनं ते खास पान उघडलं. आबांच्या हाताची गोष्ट सांगितली. विहीर, निरोप, वाळूचं यंत्र, ओले कपडे. ती तो अनेकदा सांगत आला होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं ठरलेलं. मग त्यानं सोमवारची रीत सांगितली.

"म्हणजे वाईट बातमी तुमच्याकडे सोमवारीच येते?"

"हो."

"तुमच्या स्वतःच्या घरीही?"

"माझ्या घरी तर नक्कीच," तो हसून म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. कुणाचं तरी शिरस्त्राण हातातून सुटून जमिनीवर आपटलं. देवस्थळी बाईंनी मागं वळून त्या माणसांकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. माणसांच्या माना खाली होत्या. दिवे हिरवेच होते.

"इतक्या माणसांत एकाचंही मन आज हललेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "असं मी कुठं पाहिलं नाही."

हे कौतुक आहे, असं सगळ्यांनी धरलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्का मिळाला.

संध्याकाळी धैर्यशील पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. रेवती आलेली होती. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, आणि गॅसवर काहीच नव्हतं.

"झालं!" तो म्हणाला. "शिक्का मिळाला! थांब, आधी आबांना सांगतो. उद्या सकाळी तयार राहा म्हणावं."

त्यानं नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. आणि ती घंटी स्वयंपाकघरातही वाजली.

त्यानं फोन कानापासून दूर केला. रेवतीची पर्स टेबलावर होती. पर्सच्या आतून आबांच्या फोनचं ते जुनं, कर्कश सनईचं वाजणं येत होतं. ते बदला म्हणून त्यानं आबांना कितीदा सांगितलं होतं. त्यानं आपला फोन बंद केला. सनई थांबली. त्यानं पुन्हा लावला. पर्स पुन्हा वाजली.

"आबा आलेत?" त्यानं विचारलं. त्याला खरंच आनंद झाला होता. तो बाहेरच्या खोलीकडे बघायला लागला.

"अहो," रेवती म्हणाली, "बसा आधी."

"आबा कुठं आहेत?"

"शुक्रवारी दुपारी छातीत दुखायला लागलं. उदय भाऊजींनी गडहिंग्लजच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी गेले. संध्याकाळपर्यंत होते."

"होते म्हणजे?"

रेवती त्याच्याकडे वळली. उत्तर तिच्या चेहऱ्यावर होतं. घरात आल्यापासून त्यानं तिकडे पाहिलंच नव्हतं.

"अग्नी कुणी दिला?" धैर्यशीलनं विचारलं. आपण हाच प्रश्न पहिला का विचारला, ते त्याचं त्याला कळलं नाही.

"उदय भाऊजींनी."

उदय म्हणजे त्याचा चुलतभाऊ. विहिरीतून वर आलेल्या त्या काकाचा मुलगा.

"तू तिथं होतीस. फोन तुझ्या हातात होता." त्याचा आवाज चढत गेला. "आणि तू मला... रेवती, माझा बाप होता तो! मी इथं लोकांना त्याच्या हाताची गोष्ट सांगत होतो! पेढे आणत होतो!"

"तुम्ही म्हणाला होतात, कुणी मेलं तरी..."

"ते बोलायचं म्हणून बोललो होतो!"

"मला माहीत आहे," रेवती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "मी तुमचं ऐकलं नव्हतं. मी फोन काढला होता. तुमचा नंबर लावला होता. आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. आज वार कुठला, म्हणाले. मी म्हटलं, शुक्रवार. तर म्हणाले, मग सोमवारी सांग. मला कामावर निरोप आला आणि माझा हात गेला, पोराचा जायला नको. मी म्हटलं, आबा, ते तुमच्याशी बोलतील तरी. तर म्हणाले, सकाळी बोललो की मी. सोमवारी येतो म्हणालाय." तिनं डोळे पुसले. "सोमवारपर्यंत त्यांना ठेवता आलं नसतं हो. रक्षाविसर्जन तेवढं उद्या ठेवलंय. तुमच्यासाठी."

धैर्यशीलच्या मनगटावर काहीतरी थरथरलं. पट्टी काढायची राहूनच गेली होती. दिवा भडक लाल झाला होता आणि एक मऊ, समजूतदार बायकी आवाज स्वयंपाकघरात बोलू लागला. तो आवाज पाच नमुन्यांतून धैर्यशीलनंच निवडला होता.

"आपलं मन सध्या कामात नाही. कृपया यंत्रापासून दूर राहा."

दुसऱ्या दिवशी नदीकाठी अर्धा कारखाना हजर होता. सुट्टी होती ना. कँटीनवाला होता, प्रयोगशाळेतली पोरगी होती, भट्टीवरची अख्खी ओळ होती. धैर्यशील गाडीतून उतरला, आणि बघतो तर सगळे रडत होते. अगदी मोकळ्या गळ्यानं, नाक ओढत. शनिवारी याच माणसांनी त्याला चहा दिला होता, खुर्ची पुसून दिली होती. उदय पुढं आला. "दादा, तुझ्याऐवजी मी हात लावला. राग धरू नको," एवढंच बोलून तो बाजूला झाला. गावातल्या म्हाताऱ्यांनी मात्र धैर्यशीलकडे पाहिलं, आणि मग नदीकडे पाहिलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना त्यानं बजरंगला गाठलं.

"तुला शुक्रवारीच माहीत होतं."

"व्हय. पाळी सुटल्यावर वहिनींना मीच जीपनं नेलं. आमी मातीलाबी हुतो, सायेब. रातभर तिथंच, आन् सकाळी थेट पाळीवर."

"मग शनिवारी तुझी पट्टी लाल कशी नाही झाली? पिवळीसुद्धा नाही?"

बजरंगनं खाली बघत पायानं एक खडा उलथवला. "तीन वर्सं होत आली की. सवय झालीया. आत काय आलं, की दार लावून घ्यायचं. पयल्यांदा जड जायाचं. आता आपसूक लागतंय. खोटं कशाला बोलू? कदी कदी सोमवारीबी उघडत न्हाई. परवा पोरगी म्हणाली, बाबा, मी बोलतीया आन् तुमी ऐकतच न्हाई. मी ऐकत हुतो वो. पर दार लागल्यालं हुतं."

धैर्यशील गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. यंत्र मोजत होतं ती पोकळी, मन हललं की रुंदावणारी. त्यानं मानलं होतं, की दिवे हिरवे आहेत म्हणजे माणसं सुखरूप आहेत. दिवे हिरवे असायचं आणखीही एक कारण असू शकतं, हे त्याच्या कुठल्याच पानावर नव्हतं. मन हलणंच थांबलं तर? पडद्यावर लुकलुकणारे ते सगळे दिवे त्याला आठवले, आणि देवस्थळी बाईंचं ते वाक्य. बाईंनी कौतुक केलं नव्हतं. त्या दचकल्या होत्या.

मंगळवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला फाटकावर आला. आरशासमोर उभा राहिला नव्हता. फाटकानं त्याची पट्टी वाचली, लाल दिवा लावला, आणि उघडलं नाही. ते फाटक असंच वागावं म्हणून त्यानं दोन वर्षं खपून त्याला शिकवलं होतं. मागं पहिल्या पाळीची रांग थांबली. डोक्यावर फलकाचा चार अंकी आकडा, आजच्या दिवसाची भर घालून, झळकत होता.

फाटकाच्या खांबावर एक छोटा पडदा होता. 'घटना नोंदवा'. बसवल्यापासून त्याला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. त्यावर धूळ साचली होती. धैर्यशीलनं ती बाहीनं पुसली.

"इजा कुणाला झाली?" मऊ आवाजानं विचारलं.

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं.

"केव्हा?"

"शुक्रवारी. कामाच्या वेळेत."

पडद्यावर माणसाची आकृती आली. "शरीराच्या कोणत्या भागाला?"

"सायेब," मागून बजरंग हळूच म्हणाला, "काय करताय? फलक जाईल."

धैर्यशीलच्या खिशातला फोन थरथरायला लागला. मालक असणार. त्यांच्याही पडद्यावर नोंद उघडलेली दिसत असणार. त्यानं फोन तसाच वाजू दिला आणि आकृतीच्या उजव्या हातावर बोट ठेवलं.

खांबावरच्या कॅमेऱ्यानं त्याच्या अंगावरून नजर फिरवली. "आपला उजवा हात सुस्थितीत दिसतो आहे. तरीही नोंद कायम करायची?"

धैर्यशीलनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं शाबूत होती, तळवा स्वच्छ होता. पेढ्यांचा पुडा याच हातानं आणला होता. मग त्यानं डाव्या हातानं 'हो' दाबलं.

वर फलकावरचे चारही अंक विझले आणि त्यांच्या जागी एकच शून्य पेटलं.

"नोंद झाली," आवाज मायेनं म्हणाला. "लवकर बरे व्हा."

रांगेत कुणी हललं नाही. मग बजरंगच्या मनगटावरचा हिरवा दिवा जरा फडफडला, पिवळा झाला, आणि त्यानं दुसऱ्या हातानं तो झाकायच्या आत लाल झाला. बजरंग त्या दिव्याकडे बघतच राहिला. त्याच्या मागच्याचा लाल झाला. मग त्याच्या मागच्याचा.